चुकलेल्या मेंढ्यांचा गोठा

'काळा एडका' हा पब बंद पडून चौदा वर्षं झाली. पाटी उतरली, बिअरची पिंपं गेली, आणि ज्या कोपऱ्यात बसून क्लेम बेन्सनने हयातभर बायकोची गाऱ्हाणी सांगितली तिथे आता पेन्डल जोडप्याचं कपडे धुण्याचं यंत्र आहे. पेन्डल मंडळी मँचेस्टरची. माणसं वाईट नाहीत. स्केलबेकच्या खोऱ्यात बाहेरून येणाऱ्यांचं जे होतं तेच त्यांचं झालं. पहिल्या वर्षी त्यांना पाऊस फार आवडला, दुसऱ्या वर्षी त्यांनी चांगले बूट घेतले आणि तिसऱ्या वर्षी ते पावसाविषयी बोलेनासे झाले.

पबचं म्हणावं असं जसंच्या तसं राहिलं ते दोनच. मागच्या अंगणातला दगडी गोठा आणि ॲग्नेस रेल्फ. गोठा अडीचशे वर्षांचा, ॲगी ब्याऐंशीची. गोठ्याच्या भिंती हातभर जाड, खाली जनावरं, वर गवताचा माळा, आणि हवा खेळायला भिंतीत उभ्या अरुंद फटी. गुडघे सोडले तर दोघांपैकी कुणीच फारसं खचलेलं नव्हतं, आणि गुडघे गोठ्याला नाहीत.

बापाच्या मागे पब ॲगीनेच चालवला आणि तिनेच विकला. विकताना गोठा तेवढा वगळला. वकिलाने विचारलं, "त्या गोठ्याचं तुम्ही करणार काय?" ती म्हणाली, "लागतो." वकील बिचारा थोडा वेळ थांबला, पण त्यापुढे त्याला काही मिळालं नाही. मग ती रस्त्यापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथल्या खिडकीतून गोठ्याचं दार दिसतं. घर घेताना तिने एवढंच पाहिलं होतं.

तो गोठा होता चुकलेल्या मेंढ्यांचा. आमच्या डोंगरावर कुंपण नाही. मेंढी जिथे जन्मली ते तिचं थळ. आईमागून चरताना तिला ते कळतं आणि मरेपर्यंत ती ते सोडत नाही. तरी दर वर्षी चार-दोन मेंढ्या बर्फाने, कुत्र्याने नाहीतर स्वतःच्या मूर्खपणाने दुसऱ्याच्या हद्दीत जातात. अशा सगळ्या मेंढ्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी 'काळ्या एडक्या'च्या गोठ्यात आणायच्या आणि ज्याची त्याने ओळखून न्यायची, असा मेळा होता. दोन्ही खोऱ्यांतले चाळीसेक धनगर जमायचे. मटण-बटाट्याचा हंडा चढायचा, बरोबर लाल कोबीचं लोणचं असायचं. कुत्री टेबलाखाली, माणसं टेबलाभोवती, आणि संध्याकाळपर्यंत दोघांतला फरक बराच कमी झालेला असायचा.

मेंढी कुणाची हे दोन खुणांवरून ठरतं. एक लोकरीवरचा रंग, दुसरी कानाचा काप. रंग धुपतो, कान राहतो. आणि कान वाचायचा तर ॲगीने. नवव्या वर्षापासून बापाने तिला ते काम दिलं होतं. गोठ्यात खाली अंधार. ती मेंढीच्या मानेखाली गुडघा द्यायची, कानावरून अंगठा फिरवायची आणि मोठ्याने शेताचं नाव घ्यायची. तेवीस शेतांचे तेवीस काप तिच्या बोटांत होते. तिच्या बोलण्यावर कुणी वाद घालत नसे. अशाने माणसाला ताठा चढतो, तसा तिलाही चढला. बावीस वर्षांची होती, दिसायला बरी होती आणि कधी चुकली नव्हती.

त्रेसष्ट साल. आधीचा हिवाळा इतका वाईट गेला होता की आमची म्हातारी माणसं शेवटपर्यंत त्यालाच 'तो हिवाळा' म्हणत राहिली. त्या नोव्हेंबरच्या मेळ्यात एक मेंढी आली. उन्हाळ्यात ती कातरणीला सापडलीच नव्हती, त्यामुळे जुन्या लोकरीवर रंगाचा मागमूस नव्हता. ॲगीने डाव्या कानावरून अंगठा फिरवला. टोक सरळ छाटलेलं. "बेन्सन," ती म्हणाली.

"थांब जरा," मागून आवाज आला. "ती माझी आहे. मी तिचं तोंड ओळखतो."

हा लँटी माउन्सी, डोंगरापलीकडच्या हाय गार्थचा. वय पंचवीस. त्याच्या शेताचा काप म्हणजे डावा कान माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. ॲगीला लँटी हवा होता आणि लँटीला ॲगी, हे इथे सरळच सांगितलेलं बरं. त्या दोघांनी ते एकमेकांना कधी सरळ सांगितलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात त्याने हाय गार्थच्या मागच्या खोलीचं छप्पर नवं केलं होतं, आणि एकटा माणूस दुसऱ्या खोलीचं छप्पर उगाच करत नाही.

"तोंडं काय, सगळ्यांना असतात," ॲगी म्हणाली. माणसं हसली.

"नीट बघ, ॲगी. पुन्हा एकदा बघ."

पुन्हा बघायला दोन क्षण लागले असते. तिने बघितलं असतं तर काठ जाड लागला असता. सुरीने कापलेला कान कडेला पातळ असतो, थंडीने झडलेला कान गाठाळतो. त्या हिवाळ्याने दुभंगलेल्या कानाची दोन्ही टोकं खाऊन टाकली होती. पण चाळीस माणसांसमोर पुन्हा बघायचं म्हणजे आपल्याला शंका आली असं दाखवायचं. आणि तेही लँटीने सांगितलं म्हणून.

"जे तुझं नाही त्यावर हात ठेवू नकोस, लँटी," ती म्हणाली.

आमच्याकडे माणसाला दारुडा म्हटलं तर तो हसतो, आळशी म्हटलं तर शिवी देतो. दुसऱ्याच्या मेंढीवर हात ठेवला म्हटलं तर तो काहीच बोलत नाही. लँटीने मेंढीवरचा हात काढला, टोपी घातली आणि जेवण न करता डोंगर चढून गेला.

मेंढी बेन्सनकडे गेली. बेन्सनने तिला हिवाळाभर कोंडून खाऊ घातलं आणि एप्रिलमध्ये पोटुशी सोडली. दार उघडल्यावर ती मेंढी बेन्सनच्या माळाकडे ढुंकूनही न बघता सरळ खिंडीतून पलीकडे गेली, हाय गार्थच्या माथ्यावर, आणि तिथे व्याली. ॲगी स्वतः वर जाऊन बघून आली. मेंढी आपल्या थळावर उभी होती, कोकराला चाटत. ॲगी तिथेच खडकावर बसली आणि बराच वेळ रडली. मग खाली आली आणि गिऱ्हाइकांना बिअर ओतून द्यायला लागली.

चूक कुणाचीही होते, आणि मेळ्यात तिला इलाज होता. जेवणाआधी सगळे गोठ्यात उभे असताना पबचा मालक तीनदा विचारायचा, "कुणाची दुरुस्ती?" ज्याच्या हातून चूक झाली त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, कुणाची मेंढी कुणाला गेली ते मोठ्याने सांगायचं. मेंढीच्या धन्याने "पोचली" म्हणायचं. झालं. त्यानंतर तो विषय काढणाऱ्याला जेवण मिळत नसे. पण सांगायचं ते गोठ्यातच. घरी जाऊन, पत्र लिहून, चर्चच्या दारात हळूच कुजबुजून केलेली दुरुस्ती कुणी मोजत नाही. लँटीला तर ती मुळीच चालली नसती.

चौसष्टच्या मेळ्यासाठी ॲगीने वाक्य तयार ठेवलं होतं. लँटी आला नाही. पासष्टलाही नाही, सहासष्टलाही नाही. सदुसष्टला कळलं, त्याने पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळामास्तरणीशी लग्न केलं.

ॲगीने केलं नाही. तिला विचारणारे होते, दोघेतिघे. तिने त्यांना हसून वाटेला लावलं. पन्नासेक वर्षं लोकांच्या गर्दीत उभं राहून ती एकटी राहिली आणि पब बंद झाल्यावर गर्दीही गेली. मेळाही मेला. आता मेंढी चुकली की लोक फोनवर तिचा फोटो पाठवतात आणि गाडी घेऊन येतात. तरी दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ॲगी गोठा झाडायची, दार उघडं ठेवायची आणि उलट्या बादलीवर बसून राहायची. दिवस मावळला की कडी लावून घरी यायची.

या वर्षी मात्र तसं चालणार नव्हतं. गुडघे दोन्ही संपले होते. पेन्रिथला राहणाऱ्या तिच्या भाचीने आपल्याकडची खोली रंगवून ठेवली होती. गोठा टेस पेन्डलला पाहुण्यांच्या खोल्यांसाठी हवा होता, ती तीन वर्षं मागे लागली होती. ॲगीने शेवटी मान हलवली. "शेवटचा शनिवार होऊ दे. मग किल्ली तुझी."

आणि लँटी अजून जिवंत होता. पंच्याऐंशीचा, बायको गेलेला, दोन काठ्यांवर. तो गोठ्यात आला नाही तर ते वाक्य तसंच तिच्याबरोबर पेन्रिथला जाणार होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एक मेंढी तिच्या खिडकीखालून गेली. डाव्या पुठ्ठ्यावर हाय गार्थचा लाल पट्टा. खरं सांगायचं तर ती मेंढी चुकलेली नव्हतीच. खिंडीतून जरा खाली उतरली होती आणि आता आपल्या वाटेने परत निघाली होती. ॲगीने शेजारच्यांच्या कोंबड्यांच्या दाण्याची बादली उचलली आणि वाजवली. मेंढी थांबली. ॲगी बादली वाजवत गोठ्यात शिरली, मागून मेंढी शिरली, आणि ॲगीने कडी लावली. साठ वर्षांपूर्वी जे तिने लँटीच्या माथी मारलं ते आता तिने स्वतः केलं होतं. तिला फारसं वाईट वाटलं नाही.

मग तिने फोन केला. लँटीच्या नातीने उचलला. हेझल तिचं नाव, शेत आता तीच बघते.

"तुमची एक मेंढी माझ्याकडे आहे. काळ्या एडक्याच्या गोठ्यात."

"अरे वा, बरं झालं. कानातल्या टॅगचा नंबर सांगता का?"

"मी नंबर वाचत नाही. कान वाचते."

"असू दे. मी गाडी घेऊन येते, पाऊण तासात."

"येऊ नकोस. शनिवारी मेळा आहे, तेव्हा ये. आणि मालकाला आण. मालकाने स्वतः कानाला हात लावल्याशिवाय मेंढी सुटत नाही."

"कसला मेळा?" हेझल म्हणाली. "अहो, आजोबा गाडीतून उतरतसुद्धा नाहीत हल्ली."

"कळप कुणाच्या नावावर आहे?"

"त्यांच्याच."

"मग त्यांना सांग, ॲगी रेल्फने मेंढी धरून ठेवलीय."

"ते ओळखतात तुम्हाला?"

"विचार की त्यांना," ॲगी म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर तिला खुर्चीतून उठायला बराच वेळ लागला.

शनिवारी तिने मटण-बटाट्याचा लहानसा हंडा केला. गोठा झाडला, मेंढीला गवत टाकलं, दार उघडलं आणि बादलीवर बसली. अकराला टेस चहा घेऊन आली.

"मिसेस रेल्फ, थंडी आहे हो. घरात बसा ना."

"मिस," ॲगी म्हणाली. तीन वर्षं ती हेच म्हणत होती.

"आज कुणी येणार आहे का?"

"मेळा आहे."

टेसने रिकाम्या गोठ्याकडे बघितलं, एका मेंढीकडे बघितलं आणि शहाण्यासारखी चहा ठेवून गेली.

दोन वाजता मेंढ्या न्यायची ट्रॉली जोडलेली गाडी अंगणात वळली. हेझल उतरली, पलीकडच्या बाजूला गेली आणि दार उघडून उभी राहिली. आधी दोन काठ्या बाहेर आल्या, मग टोपी. तिने हात पुढे केला तो लँटीने काठीनेच बाजूला सारला. अंगण पार करायला त्याला दहा मिनिटं लागली असतील. ॲगी दारात उभी राहिली. पुढे जावं असं तिला वाटलं, पण रीत तशी नव्हती.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"तू काय, कोवळाच राहिलास."

तो आत आला. तिने मेंढीच्या मानेखाली गुडघा द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हेझलने मेंढी धरली. ॲगीने डाव्या कानावरून अंगठा फिरवला, पुढून एकदा, मागून एकदा, सावकाश. "हाय गार्थ," ती म्हणाली. लँटीने कानाला हात लावला. तिची बोटं अजून तिथेच होती. ती तिने काढून घेतली.

मग विचारणारं कुणी नव्हतं म्हणून तिने स्वतःच विचारलं, "कुणाची दुरुस्ती?" तीनदा विचारलं. हेझल गोंधळून आजोबांकडे बघत होती.

"माझी," ॲगी म्हणाली. "त्रेसष्टच्या मेळ्यात मी लँटी माउन्सीची मेंढी क्लेम बेन्सनला दिली. कान थंडीने गेला होता, मी कापलेला समजले. पुन्हा बघ म्हटलं तर बघितलं नाही. वर चारचौघांत त्याला नको ते बोलले. मेंढी लँटीची होती."

एवढं बोलायला तिला साठ वर्षं लागली होती आणि बोलून झालं ते पाव मिनिटात. ती वाट बघत राहिली.

"चौसष्टला का नाही बोललीस?" लँटी म्हणाला.

"तू आला असतास तर बोलले असते."

"आलो होतो."

"नव्हता आलास. मी सगळी तोंडं बघितली होती."

लँटीने काठी उचलून ओढ्याकडच्या भिंतीतल्या फटीकडे केली. "बाहेर होतो. तिथे. म्हटलं, तुझा बाप विचारेल, तू सांगशील, मी बाहेरूनच 'पोचली' म्हणेन आणि आत येईन. तुझ्या तोंडून आल्याशिवाय आत पाय टाकायला लाज वाटत होती."

ॲगीने त्या फटीकडे बघितलं.

"तीन वर्षं आलो," तो म्हणाला. "मग लग्न केलं."

त्या तिन्ही वर्षी बापाने तिच्याकडे बघूनच विचारलं होतं, "कुणाची दुरुस्ती?" सगळ्यांना मेंढीचं कळलेलं होतं, सगळे तिच्याकडेच बघत होते. पहिल्या वर्षी तिची नजर दाराकडे गेली, लँटी नव्हता, आणि ती म्हणाली, "धनी समोर असेल तर सांगेन. धनी तर डोंगराआड तोंड लपवून बसलाय." गोठा हसला. दुसऱ्या वर्षी तिने ते आणखी घोळवून म्हटलं. तिसऱ्या वर्षी लोक तिच्या बोलण्याची वाटच बघत होते.

"ऐकलंस काही?" तिने विचारलं.

"वारा होता," लँटी म्हणाला. मग मेंढीच्या पाठीवर हात ठेवून त्याने म्हटलं, "पोचली."

हेझलने मेंढी ट्रॉलीत चढवली. ॲगीने हंड्यातलं जेवण डब्यात भरून तिच्या हातात दिलं. लँटी गाडीत बसला, पट्टा लावून घेतला आणि समोर बघत राहिला. निघताना त्याने एक बोट टोपीला लावलं. गाडी पुलावरून वळली तरी ॲगी अंगणातच उभी होती.

मग किल्ली दारालाच ठेवून ती भिंतीचा आधार घेत गोठ्याला वळसा घालून ओढ्याच्या बाजूला गेली. या बाजूला तिचं कधी काम पडलं नव्हतं. कमरेइतकं गवत होतं. फट तिच्या डोक्याच्या वर होती, आणि फटीच्या बरोबर खाली दोन सपाट दगड एकावर एक ठेवलेले होते. दगड आपोआप असे बसत नाहीत. त्यांच्यावर साठ वर्षांचं शेवाळ होतं. ॲगी भिंतीला हात टेकून एक पाय वर ठेवून चढली. डोंगराचा वारा इथे लागत नव्हता. माणूस तासन् तास उभा राहू शकला असता.

आत पावलं वाजली. टेस आणि तिचा नवरा माप घ्यायची फीत घेऊन आले होते. ते कुजबुजतच बोलत होते, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं.

"ते होते का गं ज्यांची ती वाट बघायची?" नवरा म्हणाला.

"असावेत," टेस म्हणाली. "किती थोडा वेळ थांबले."

शब्द न् शब्द ऐकू येत होता.